चोरीशिवाय लागत नाही

दोन घरांच्या मधल्या वॉलकंपाउंडवरून संध्याने मोगऱ्याची फांदी पुढे केली आणि कौशल्याबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. समोरून फांदी नाही, विंचू येत असल्यासारखे.

“नको व संध्या. दिलेलं लागत नाही आमच्या इथं.”

“काकू, धरून तं पाहा. शिवरात्रीनंतर लावलेली फांदी जाते का कुठं?”

“जाते न. पयली दिली, थे गेली. दुसरी गेली. तिसरीसंग तं मी रोज बोलत होती, थेही गेली. तुह्या हातात खोट नाही, माह्याही हातात नाही. देण्यात खोट हाये. मोगरा चोरूनच आणा लागते.”

“मंग न्या न चोरून. मी तिकडं पाहत नाही.”

“सांगून नेला तं थे चोरी होते का? तू आता हे आयकलंच नाही असं समज. अन् धम्मदीपले सांगू नको. घरातल्या एकालेही माहीत असलं तं लागत नाही.”

“पण मले तं माहीत झालं.”

“म्हणून तं म्हणून राहिली, विसर.”

संध्याने विसरायचं कबूल केलं, फांदी पाण्याच्या ग्लासात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या ट्रेनिंगसाठी ती अकोल्याला निघून गेली. यापेक्षा जास्त कोणी कोणासाठी काय विसरणार?

सुयोग कॉलनीत हे दिवसच असे असतात. शिवरात्र झाली की थंडी पाय काढते, होळी झाली की ऊन छातीवर बसते, आणि मधल्या थोडक्या दिवसांत काय लावायचं ते लावून घ्यायचं असतं. या काळात कॉलनीतली अर्धी झाडं कंपाउंड ओलांडतात. जास्वंद जाते, कढीपत्ता येतो. गवती चहा जातो, अडुळसा येतो. कोणी काय दिलं, बदल्यात काय आलं आणि आलेलं जगलं की नाही, हे कुठं लिहिलेलं नसतं. पण कोणत्याही घरात विचारून पाहा, जुनी बाकी तोंडपाठ असते. कॉलनीचे सचिव किशोरभाऊ यांनी एकदा कोणालातरी कोरफडीचं एक पान दिलं होतं. त्या एका पानावर त्यांनी आजवर दोन जास्वंदी, एक अनंत आणि कुंडीसकट शेवंती उचलली आहे. तरी “आपण तं देतच रायतो बाप्पा” हे ते म्हणतात, ते अगदी मनापासून.

या बाजारात सगळ्यात वरचा भाव संध्याच्या मोगऱ्याला होता. बटमोगरा, कळी अशी की बोटात अंगठीसारखी बसावी. चांदूर रेल्वेला तिच्या आईच्या दारातला. लग्नानंतर आईने मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालून दिला होता. संध्याचा नवरा धम्मदीप कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. घरी पाहुणा आला की तो आधी सासूबाईंचा मोगरा दाखवतो आणि मग सोफा. सासूबाईही फोनवर आधी मोगऱ्याची तब्येत विचारतात, मग जावयाची.

आता चोरी करायची, तर घरात माणूस एकच. वामनराव. कौशल्याबाईंचे यजमान, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून रिटायर झालेले, कॉलनीचे अध्यक्ष. त्यांची ख्याती अशी की ऑफिसच्या पेनाने त्यांनी कधी घरच्या पाहुण्याचा पत्ता लिहिला नाही. निरोपसमारंभात मिळालेला नारळसुद्धा तो कोणत्या खर्चातून आला हे विचारूनच त्यांनी हातात घेतला.

“अवो, आयकता का,” कौशल्याबाई म्हणाल्या. “संध्याच्या इथला मोगऱ्याचा फुटवा चोरून आणा.”

“मागून आणतो न.”

“मागून आणलेले मेले. चोरीचंच लागते.”

“अन् पकडलो गेलो तं?”

“तं लागत नाही. म्हणून पकडले जाऊ नका.”

“कौशल्या, मी आजपर्यंत...”

“थेच म्हणून राहिली मी. तुमच्या सरळपणापायी ह्या घरात काहीच लागलं नाही. ना प्रमोशन लागलं, ना प्लॉटच्या सोडतीत नंबर लागला, ना मोगरा लागला. इतक्या वर्षांत म्या तुमाले काय मांगलं? एक झाड तं चोरा माह्यासाठी.”

बाईंनी खरंच काही मागितलं नव्हतं. शेजारणी नेकलेसच्या गोष्टी सांगत तेव्हा त्या आपल्या नवऱ्याच्या सचोटीच्या गोष्टी सांगत, आणि त्या गोष्टी गळ्यात घालता येत नाहीत हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळी कॉलनी पंख्याखाली आडवी झालेली असताना, वामनराव चोरीला निघाले. धम्मदीपच्या फाटकाशी पोचले. आणि जन्मभराच्या सवयीने त्यांनी बेल वाजवली.

“काय काका, या न,” धम्मदीप डोळे चोळत बाहेर आला.

“काही नाही. मी चो... चौकशी कराले आलो. संध्या पोचली का अकोल्याले?”

“कालच पोचली. बसा, चहा टाकतो.”

वामनराव मोगऱ्याकडे पाठ करून बसले, चहा प्याले, कप धुऊन ठेवला आणि रिकाम्या हाताने बाहेर पडले. घरी जायची हिंमत नव्हती. स्कूटर काढली, तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि थेट बडनेरा रोडवरची एक नर्सरी गाठली. तिथं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतला एक बटमोगरा रीतसर विकत घेतला. कॉलनीच्या वळणावर स्कूटर थांबवून पिशवी फाडली, ती डिक्कीत लपवली आणि लाल मातीचा गठ्ठा मुळांना तसाच ठेवून झाड सदऱ्याखाली धरून घरी आणलं. सदरा भरला, पण चोर दिसत होते अगदी.

“आणला,” ते म्हणाले.

“कोणी पायलं नाही न?”

“नाही.” हे तर खरंच होतं.

कौशल्याबाईंनी झाड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, मुळांवरून अंगठा फिरवला. “गठ्ठा भल्ला आला मुळाले.”

“हाव. जोर लावा लागला.”

बाईंनी फाटकाजवळच्या वाफ्यात झाड लावलं, पाणी घातलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी जरा जोरात लावत राहिल्या. वामनरावांना तो आनंदाचा आवाज वाटला.

प्रकरण इथं मिटायला हरकत नव्हती. पण दोनच दिवसांनी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धम्मदीपने एक व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं: “आमच्या मोगऱ्याचा फुटवा चोरीला गेला आहे. चोराने स्वतःहून सांगावे. सासूबाईंना काय तोंड दाखवू?”

व्हिडिओ धम्मदीपच्या नव्या कॅमेऱ्यातला. वेळ भर दुपारची. मागच्या मोकळ्या प्लॉटच्या बाजूने एक आकृती येते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डोक्यापासून मानेपर्यंत गुंडाळलेला पांढरा दुपट्टा, वर काळा गॉगल. म्हणजे मार्च महिन्यात अमरावतीच्या रस्त्यावरचा कोणताही माणूस. कंपाउंडपाशी येऊन चोर चपला काढतो. नुसत्या काढत नाही, भिंतीशी जोडून ठेवतो. डाव्या हाताने लोखंडी खांब धरतो आणि टुणकन आत. मोगऱ्यासमोर उभा राहून हात जोडतो. बुडाशी बसून खुरप्याने एक फुटवा मुळासकट काढतो. खड्डा बुजवून थापटतो. मग मग्गा भरून उरलेल्या मोगऱ्याला पाणी घालतो आणि जाताना टपटपणारा नळ घट्ट बंद करतो.

ग्रुप पेटला. “चोर संस्कारी आहे,” एकाने लिहिलं. “आमच्या घरी पाठवा, आमचाही नळ टपकतो,” दुसऱ्याने लिहिलं. किशोरभाऊंनी लिहिलं, “विषय गंभीर आहे. आज झाड नेलं, उद्या मोटार नेईल.” आणि लगेच रविवारी सकाळची सभा लावली.

वामनरावांनी व्हिडिओ पाहिला आणि त्यांच्या हातातला चहा बशीत आला. म्हणजे खरोखरचाही एक चोर होता. तेवढ्यात मागून कौशल्याबाईंनी मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं.

“हे तुमीच न?”

व्हिडिओच्या कोपऱ्यात कालची तारीख होती, आणि वामनरावांचा मोगरा तर परवाच वाफ्यात लागला होता. पण बाईंचा चष्मा आत राहिला होता. नाही म्हणावं तर मोगरा कुठला, हा प्रश्न आलाच.

“हाव,” वामनराव म्हणाले. “मीच.”

“उडी भल्ली मारली,” बाई म्हणाल्या. “गुडघा दुखते म्हणता न तुमी?”

“त्या दिवशी कमी होता.”

“अन् नळबी बंद केला. शाबास.” बाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांना हुंदका आला असावा, असं वामनरावांना वाटलं.

रविवारी सभा मोकळ्या प्लॉटमध्येच भरली, कारण किशोरभाऊंच्या मते चौकशी घटनास्थळीच करायची असते. कडुनिंबाखाली खुर्च्या, समोर ते प्रसिद्ध कंपाउंड, पलीकडे धम्मदीपचं अंगण आणि मोगरा. आलुबोंड्याचं पातेलं आलं होतं. संध्या अकोल्याहून आदल्या दिवशी परत आलेली. ती सगळ्यांना एकच सांगत होती, “जाऊ द्या न हो. एक फुटवा गेला तं गेला. चौकशी कायले करून राहिले?”

“तुले समजत नाही,” धम्मदीप म्हणाला. “आईंनी दिलेलं झाड हाये थे.”

त्यावर संध्या का कोण जाणे आलुबोंड्याकडे पाहू लागली.

अध्यक्षस्थानी अर्थातच वामनराव. किशोरभाऊ उभे राहिले. “चोर कॉलनीतला नाही. कॉलनीतल्याले झाड पायजे असलं तं थो मांगते. माह्यासारखा माणूस तं मांगल्याशिवाय रायतच नाही. म्हणजे चोर बाहेरचा. अन् बाहेरचा माणूस दुपारी कोण येते?”

सगळ्यांच्या माना नत्थुजीकडे वळल्या. नत्थुजी रिक्षात शेणखत घेऊन कॉलनीत फिरत. त्यांना खत हवंय असं सांगून बोलावलं होतं. तंबाखूचा खर्रा एका गालात सरकवून ते उभे राहिले.

“नत्थुजी, तुमचा दुपट्टा पांढरा हाये का?”

“हाव जी. तुमचाही पांढराच हाये.”

“माहं सोडा. दुपारी कॉलनीत येता का?”

“तुमच्याच इथं तं टाकतो खत.”

“व्हिडिओतल्या माणसाजवळ खुरपं हाये.”

“अन् पायात चपला हायेत,” नत्थुजी म्हणाले. “मी गमबूट घालतो जी. थे ओढून काढाले दोन माणसं लागते. फुटवा चोराले एवढी वरात कुठून आणू?”

लोक हसले. किशोरभाऊ हसले नाहीत. “हसण्यावारी नेऊ नका. खरा चोर सापडेपर्यंत संशयिताले कॉलनीत बंदी. ज्याइले मंजूर हाये त्याइनं हात वर करा.”

हात आलुबोंड्यात गुंतलेले होते, तरी बरेच वर आले. नत्थुजींचा खर्रा थांबला. “अहो, होळीपर्यंतच असते न माहा धंदा. बंदीच करायची तं पावसाळ्यात करा. तवा तसंही कोणी खत घेत नाही.”

“पुराव्याशिवाय बंदी करता येत नाही,” वामनराव म्हणाले.

“मंग दुसरा चोर दाखवा, सायेब. नाही तं ठरावावर सही करा,” किशोरभाऊ म्हणाले.

ठराव पुढे आला. वामनरावांनी आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नव्हती. समोर नत्थुजी, बाजूला कौशल्याबाई. खरा चोर कोण हे त्यांना माहीत नव्हतं. नत्थुजी नाही, हे मात्र गमबुटाने सिद्ध झालेलं. आणि “मी तर विकत आणला” असं म्हणावं, तर बाईंचा मोगरा तिथंच, उभ्या वाफ्यात, मरणार. ते उठले. त्याच क्षणी कौशल्याबाईही खुर्चीतून अर्ध्या उठल्या. त्या अडवणार असं वाटून वामनरावांनी घाई केली.

“चोर मी हाये.”

सगळी सभा हसत सुटली. कोणाला तर ठसका लागला.

“सायेब, मोठेपणा करून राहिले तुमी,” किशोरभाऊ म्हणाले.

“मोठेपणा कायचा? चोरी केली म्या.”

“काका, नुसतं म्हणून होत नाही,” धम्मदीपमधला मास्तर जागा झाला. “साध्य काय, तं काका चोर हायेत. पक्ष काय? पांढरा पायजमा. थो तं साऱ्याइचाच पांढरा. सिद्धता कुठं हाये?”

“मी सांगून राहिलो थे पटत काहून नाही तुले?”

“कारण तुमी चोरी करूच शकत नाही. तुमी इमानदार हाये. कधी खोटं बोलत नाही.”

“खोटं बोलत नाही न? मंग मी चोर हाये म्हणतो, थे खरं मानलं पायजे.”

धम्मदीपने बोटाने हवेत काहीतरी लिहिलं आणि पुसलं. “हे... हे कुठूनही पकडलं तरी चुकून राहिलं.”

“करून दाखवतो,” वामनराव म्हणाले.

कौशल्याबाई म्हणाल्या, “अवो, बसा खाली. गुडघा...” पण माणूस एकदा चोर व्हायचं ठरवतो तेव्हा कोणाचं ऐकत नाही. वामनरावांनी कंपाउंडचा खांब धरला. उजव्या हाताने. “डावा, काका, व्हिडिओत डावा हाये,” धम्मदीपने दुरुस्ती केली. त्यांनी डावा धरला. एक पाय वर टाकला. तो गेला. दुसरा जमिनीवरच राहिला. “ढकला जी उलीसं,” नत्थुजी कळवळून म्हणाले आणि स्वतःच पुढे होऊन त्यांनी अध्यक्षांना खालून आधार दिला. अध्यक्ष भिंतीवर आले, आडवे, गहू वाळत घातल्यासारखे. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पायजम्याची नाडी भिंतीतून वर आलेल्या सळईत अडकली होती आणि सभेची एकूण प्रतिष्ठा त्या नाडीवर लटकत होती.

“हलू नका. हलू नका म्हणते न मी. भैताडासारखे चढलेच कायले?”

कौशल्याबाई धावल्या. भिंतीपाशी पोचल्या. चपला काढल्या. भिंतीशी जोडून ठेवल्या. पदर खोचला, डाव्या हाताने खांब धरला आणि नवऱ्याच्या डोक्याच्या बाजूने टुणकन आत. समोर मोगरा आला, तसे हात आपोआप जोडले गेले. मग वळून त्यांनी सळईतून नाडी सोडवली, यजमानांना बगलेत धरून खाली उतरवलं, आणि जाता जाता टपटपणारा नळ घट्ट बंद केला.

एकाचा आलुबोंडा तोंडापाशीच थांबला होता.

“चपला पाहा जी,” नत्थुजी हळूच म्हणाले. “जोडून ठेवल्या.”

सगळ्यांनी चपला पाहिल्या. मग बाईंना पाहिलं. मग खात्रीसाठी दोघा-तिघांनी मोबाइलमधला व्हिडिओ पाहिला.

“हे सिद्ध झालं,” धम्मदीप म्हणाला.

कौशल्याबाईंनी पदर सोडला. “झालं तं झालं. साडीत आली असती तं उभी कॉलनी ओळखते. म्हणून याइचा सदरा-पायजमा घातला. तिवस्याले चिंचेवर चढत होती मी, हे कंपाउंड काय हाये? अन् आता मी उठूनच सांगत होती, तं हे मंधात उभे राहिले.”

संध्या हसून हसून खुर्चीत वाकडी झाली होती. “काकूले मीच म्हटलं होतं, चोरून न्या म्हणून. मले माहीत होतं.”

“म्हणजे परवानगी होती?” किशोरभाऊंचा चेहरा उतरला. “म्हणजे चोरी झालीच नाही?”

“झाली,” कौशल्याबाई घाबरून म्हणाल्या. “झाली कशी नाही? कॅमेऱ्यात हाये. संध्या, तू आयकलं नव्हतं, तुले विसराले सांगतलं होतं. किशोरभाऊ, तुमी चोरीच लिहा.”

चोरी झाली असं एकमताने ठरलं. किशोरभाऊंनी नत्थुजींची माफी मागितली नाही, पण खताच्या दोन पाट्या घेतल्या आणि जाता जाता तिसरी तशीच द्यायला लावली.

घरी आल्यावर वामनराव बंगईवर बसले. गुडघ्याला बाईंनी तेल लावून दिलं. झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या.

“कौशल्या, म्या एक आणून दिला होता न? मंग तू दुसरा काहून चोरला?”

“कारण तुमी आणला थो चोरीचा नव्हता.”

बंगई थांबली. “तुले कवा समजलं?”

“सदऱ्याखालून काढला तवाच. या मागं.”

मागे पाण्याच्या टाक्याच्या आडोशाला रंगाचा एक जुना डबा होता आणि त्यात चोरलेला फुटवा. बाईंनी फाटकाजवळच्या वाफ्याकडे बोट केलं. “थ्या तुमच्या मोगऱ्याच्या मुळाले लाल माती होती. आपल्या इथं कुठंही खणा, काळीच माती निंगते. धम्मदीपच्या इथं खणा, काळीच. लाल माती फक्त नर्सरीच्या पिशवीत असते. लेखा विभागात होते म्हणता, एवढी खाडाखोड नाही दिसली तुमाले?”

वामनराव ओशाळले. खोटा व्यवहार करायचा अनुभव नसला की असं होतं.

“आता हे पाहा,” बाई म्हणाल्या. डब्यातली वरची काळी माती त्यांनी बोटाने बाजूला केली. आत फुटव्याच्या मुळांना, घट्ट धरलेली, लाल माती होती.

वामनरावांनी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “हेबी लाल?”

“हेबी लाल.”

“पण हा तं संध्याच्या माहेरचा. चांदुरात लाल माती कुठं...” त्यांचा आवाज बसत गेला. “म्हणजे तिचा मोगराबी...”

“हळू बोला. कंपाउंड इथंच हाये.” कौशल्याबाईंनी माती पुन्हा सारखी केली. “मागच्या उन्हायात दोघंही महिनाभर गावाले गेले नव्हते का? तवाच मेला असन बिचारा. तिनं आणून लावला दुसरा, अन् बसली गप्प. म्हणून तं फांदी तोडून देते, फुटवा काढू देत नाही. चौकशी नको, चौकशी नको म्हणत होती, थे उगाच का?”

“मंग धम्मदीपले सांगितलं पायजे. थो येणाऱ्याजाणाऱ्याले सासूबाईंचा मोगरा म्हणून दाखवते. नोंद चुकीची होऊन राहिली.”

“होऊ द्या.”

“पण थे खरं नाही.”

“मायनं डब्यात घालून दिलेलं झाड आपल्या हातानं मेलं, हे कोणत्या तोंडानं सांगन थे पोरगी? नवऱ्याले सांगन का मायले सांगन?” बाईंनी डब्याला पाणी घातलं. “तुमी काही पायलं नाही. अन् म्याही नाही.”

वामनरावांना काहीतरी म्हणायचं होतं. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. ते पुन्हा बंगईवर जाऊन बसले.

होळी झाली. ऊन चढलं. कॉलनीतल्या मागून आणलेल्या, देऊन टाकलेल्या, बदलून घेतलेल्या झाडांपैकी जी जायची ती गेली. फाटकाजवळचा विकतचा मोगरा आणि टाक्यामागचा चोरीचा मोगरा मात्र एकाच आठवड्यात कळ्यांनी भरले. चोरीचं आणि विकतचं यात त्यांनी तरी काही भेद केला नाही.

चैत्रातल्या एका संध्याकाळी कौशल्याबाईंनी दोन्ही झाडांच्या कळ्या एकाच ओच्यात तोडल्या, एकाच दोऱ्यात ओवल्या आणि कंपाउंडवरून गजरा पुढे केला. “घे व संध्या. तुह्या माहेरचा हाये.”

संध्याने गजरा हातात घेतला. वास घेतला. मग बराच वेळ कौशल्याबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली. बाई तिच्या मागच्या नळाकडे पाहत होत्या.

“नळ टपकून राहिला तुमचा,” बाई म्हणाल्या.

“हाव काकू,” संध्या म्हणाली आणि नळ बंद करायला वळली.

तेवढ्यात धम्मदीप बाहेर आला. त्याने बायकोच्या हातातल्या गजऱ्याचा वास घेतला आणि कंपाउंडपलीकडे खुरपं घेऊन बसलेल्या वामनरावांना हाक मारली. “काका, वास पाहा. तोच हाये न? आमच्या सासूबाईंच्या दारातला? तुमी खोटं बोलत नाही, म्हणून तुमाले विचारून राहिलो.”

संध्याचा हात नळावर थांबला. वामनरावांनी खुरपं खाली ठेवलं, हात झटकले आणि उठून उभे राहिले. कपाळावर घाम नव्हता, आवाजात कंप नव्हता.

“तोच,” ते म्हणाले. “अस्सल चांदूरचा. मुळापासून ओळखू येते.”

धम्मदीप खूश होऊन आत गेला, बहुतेक सासूबाईंना फोन करायला.

कौशल्याबाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. मग हळूच हसल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, “लागलं बाप्पा एकदाचं.”

“हाव न,” वामनराव मोगऱ्याकडे पाहून म्हणाले. “दोन्हीही लागले.”

“तीन,” बाई मोगऱ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.